झाडाखालचे कवडसे

पॅरिसमधल्या मोंमार्त्र टेकडीवर एका जुन्या पवनचक्कीशेजारच्या अंगणात रविवारी दुपारपासून नाच रंगायचा. ऑग्युस्त रेन्वारने १८७६ मध्ये तो रंगवला. बाकांवर गप्पा मारणारी, पेले रिते करणारी, नाचणारी तरुण मंडळी. आणि त्यांच्या टोप्यांवर, पाठींवर, पायांखालच्या मातीवर विखुरलेले कवडसे. आज हे चित्र पॅरिसच्याच ऑर्से संग्रहालयात आहे.

हे कवडसे त्या काळी अनेकांना खटकले. रेन्वारने झाडीतल्या उन्हात रंगवलेली एक अनावृत स्त्री १८७६ च्या प्रदर्शनात होती. तिच्या अंगावरच्या हिरव्या-जांभळ्या छटा पाहून ‘ल फिगारो’च्या आल्बेर वोल्फने तिला कुजत चाललेल्या मांसाची उपमा दिली. टीका क्रूर होतीच, शिवाय भौतिकशास्त्राच्या दृष्टीने चुकीचीही होती.

पानांमधली लहानशी फट कशीही वेडीवाकडी असो, खाली पडणारा कवडसा गोल किंवा लंबगोल होतो, कारण ती सूर्याची प्रतिमाच असते. सूर्याचा व्यास त्याच्या अंतराच्या साधारण १०८ वा भाग आहे. म्हणून पाच मीटर दूरच्या बारीक फटीतून जेमतेम साडेचार सेंटिमीटरचा कवडसा पडतो. खंडग्रास ग्रहणात हेच कवडसे चंद्रकोरीसारखे होतात. असंख्य प्रतिमा एकमेकींवर पडल्या की कडा विरघळतात. रेन्वारच्या कुंचल्याने नेमकी हीच मऊ कड टिपली आहे.

आता ते ‘कुजके’ रंग. सावलीत थेट ऊन पोचत नसले तरी आकाशाचा प्रकाश पोचतो. हवेतले रेणू निळ्या प्रकाशाचे विकिरण तांबड्यापेक्षा कितीतरी जास्त करतात, म्हणून उघड्यावरची सावली निळसर असते. झाडाखाली त्यात हिरवा मिसळतो, कारण पानांतले हरितद्रव्य तांबडा आणि निळा प्रकाश अधिक शोषते. शिवाय पिवळसर उन्हाला लागून असलेली सावली डोळ्याला आणखी जांभळी भासते. शेजारी रंगांचा हा परिणाम मिशेल शेव्रल या रसायनशास्त्रज्ञाने १८३९ मध्येच सविस्तर मांडला होता.

मग हे रंग एरवी आपल्याला का दिसत नाहीत? आपला मेंदू प्रकाशाचा रंग वजा करून वस्तूचा ‘खरा’ रंग दाखवतो. निरभ्र दिवशी पांढरा कागद अर्धा उन्हात, अर्धा सावलीत धरा. सावलीतला भाग कागदाच्या अरुंद नळीतून पाहा, म्हणजे आजूबाजूचे काही दिसणार नाही. निळसर छटा ओळखू येते.