फोर्कलिफ्टची रोजची तपासणी: टिक मारायच्या आधी

आजच्या भागाला थोडं ग्रीस लागलंय. मी कोड लिहितो, फोर्कलिफ्ट चालवत नाही. पण चाकणजवळच्या एका गोदामासाठी तपासणीचं ॲप करताना महिनाभर ऑपरेटर लोकांच्या मागे फिरलो, तिथे समजलं ते सांगतो.

आधी यंत्र बघू. फोर्कलिफ्ट म्हणजे चाकांवरचा सी-सॉ. पुढची चाकं हा टेकू, पुढे फोर्कवर माल, मागे जड काउंटरवेट. तीन टनांचं मशीन तीन टन उचलतं, पण कधी? मालाचा गुरुत्वमध्य फोर्कच्या उभ्या बाजूपासून प्लेटवर दिलेल्या अंतरात असेल तर. हे अंतर बहुतेक वेळा 500 मिलिमीटर असतं. म्हणून ती प्लेट वाचता येतेय का, हे आधी बघायचं.

मग मशीन बंद, फोर्क जमिनीवर, चावी खिशात आणि एक फेरी. टायरच्या चिरा, खाली तेलाचा डाग, होज, हे पटापट होतं. फोर्कच्या टाचेपाशी मात्र थांबायचं. टाच म्हणजे उभा फोर्क जिथे आडवा होतो तो कोपरा. तडा जातो तो बहुतेक इथेच, आणि जमिनीवर घासून झिजतोही इथे. जाडी 10 टक्के कमी झाली की फोर्क बाद. म्हणजे 40 मिलिमीटरचा 36 झाला की संपला. फारच कडक वाटतं ना? पण वाकण्याविरुद्धची ताकद जाडीच्या वर्गावर चालते. 0.9 चा वर्ग 0.81. झीज 10 टक्के, ताकद गेली 19 टक्के. (बीटेकचं स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स अखेर कामाला आलं.) तडा रोज डोळ्यांनी बघायचा, झीज डोळ्यांना कळत नाही, त्याला मेंटेनन्सवाल्यांचा कॅलिपरच लागतो.

मास्टची साखळी बघताना आत हात घालायचा नाही. शेवटी सीटवर बसून बेल्ट, हॉर्न, ब्रेक, हँडब्रेक, स्टिअरिंग, रिव्हर्स बझर, आणि मास्ट एकदा वर-खाली.

अमेरिकेत ओशाचा नियम आहे: तपासणी दिवसातून किमान एकदा, मशीन चोवीस तास चालत असेल तर प्रत्येक शिफ्टनंतर. दोष सापडला तर मशीन कामातून बाहेर. खरी गोची या शेवटच्या वाक्यात आहे.

गोदामाचं जुनं रजिस्टर मी चाळलं. पानोपान बरोबरच्या खुणा, एकाच पेनाने, एका दमात मारलेल्या. ऑपरेटर आळशी आहेत असं मला नाही वाटत. डॉकवर ट्रक उभा असतो, आणि कंत्राटावरच्या माणसाने दोष लिहिला तर पहिला प्रश्न येतो, "तूच तोडलंस ना?" मग कोण लिहील?

म्हणून ॲपमध्ये दोषाची नोंद थेट मेंटेनन्सकडे जाते. त्यांनी दुरुस्ती नोंदवेपर्यंत ते मशीन कोणालाच मिळत नाही, आणि सुपरवायझरला ही अडवणूक काढता येत नाही. यावरून मीटिंगमध्ये बरीच खडाजंगी झाली. "ट्रक थांबला तर जबाबदार कोण?" वगैरे.

फेब्रुवारीत ॲप सुरू झालं. पहिल्याच आठवड्यात एका ऑपरेटर काकांनी रिव्हर्स बझर बंद असल्याची नोंद केली. मशीन दोन तास उभं, डॉकवर ट्रक ताटकळला. निघालं काय, तर एक निसटलेली वायर. काका मला हळूच म्हणाले, "दिवाळीपासून अशीच होती, साहेब."