ग्रानादातील बाहुल्यांचा खेळ : लोर्काच्या नाट्यदृष्टीचे एक वळण

फेदेरिको गार्सिया लोर्का (१८९८-१९३६) याच्या नाट्यलेखनाचा विचार सामान्यतः त्याच्या ग्रामीण शोकात्मिकांभोवती फिरतो. ६ जानेवारी १९२३ रोजी ग्रानादा येथे त्याच्या कुटुंबाच्या घरी झालेला बाहुल्यांचा खेळ मात्र चरित्रग्रंथांतील एक हृद्य घरगुती प्रसंग एवढाच उरतो. प्रेक्षक प्रामुख्याने आप्तेष्टांची मुले असल्याने हे स्वाभाविकही आहे. पण त्यामुळे लोर्काच्या नाट्यदृष्टीतील एक महत्त्वाचे वळण नजरेआड होते.

२२ मार्च १९२० रोजी माद्रिदच्या एस्लाव्हा नाट्यगृहात लोर्काचे पहिले नाटक रंगभूमीवर आले. जखमी फुलपाखरावर जीव जडलेल्या एका किड्याची ही काव्यमय कथा प्रेक्षकांनी हुर्यो करून उधळून लावली. काव्य आणि रंगभूमी यांचा सांधा व्यावसायिक नाट्यगृहात जुळेना, हा अनुभव पुढील शोधाच्या मुळाशी आहे. या शोधात त्याला ग्रानादात स्थायिक झालेला संगीतकार मानुएल दे फाया भेटला. जून १९२२ मध्ये भरलेल्या, ‘कान्ते होन्दो’ या आंदालुसियन लोकगायनाच्या स्पर्धेसाठी दोघांनी एकत्र काम केले होते. त्यानंतर सातच महिन्यांनी हा खेळ झाला.

दिवसाची निवड अर्थपूर्ण होती. बाल येशूच्या दर्शनास आलेल्या तीन राजांचा हा सण. स्पेनमध्ये मुलांना भेटवस्तू मिळतात त्या याच दिवशी. खेळात तीन संहिता होत्या : त्या काळी सेर्व्हान्तेसच्या नावावर मोडणारे एक प्रहसन, तुळशीच्या जातीच्या रोपाला पाणी घालणारी मुलगी आणि तिला कोड्यात टाकू पाहणारा राजपुत्र यांची, लोर्काने संवादरूप दिलेली लोककथा, आणि त्या तीन राजांचे मध्ययुगीन धर्मनाट्य. बाहुल्यांची मस्तके एर्मेनेजिल्दो लान्स याने कोरली होती. धर्मनाट्यासाठी मात्र सपाट, कापीव आकृत्या होत्या. (‘कळसूत्री’ हा मराठीत रुळलेला शब्द येथे नेमका नाही, पहिल्या दोन खेळांतील बाहुल्या दोरीने हालणाऱ्या नसून हातात घालून नाचवायच्या होत्या.)

संगीताची बाजू फायाकडे होती. पियानोवर तो स्वतः, साथीला व्हायोलिन, क्लॅरिनेट आणि ल्यूट. प्रहसनाला स्त्राविन्स्कीच्या १९१८ मधील ‘सैनिकाची कथा’तील संगीत, लोककथेला देब्युसी, आल्बेनिस व राव्हेल, आणि धर्मनाट्याला मध्ययुगीन भक्तिगीते अशी ही योजना होती. जुन्या हास्यखेळाला सर्वांत नवे संगीत जोडण्यात निव्वळ गंमत पाहणे अपुरे ठरेल. परंपरा म्हणजे जतन करावयाची पुराणवस्तू नव्हे, अशी या दोघांची धारणा होती, आणि ती येथे कोणत्याही जाहीरनाम्याविना सिद्ध झाली.

तथापि, खरे नाट्य दोन खेळांच्या मधल्या वेळेत घडले. सोटा घेऊन वावरणारा दोन क्रिस्तोबाल हा लोकपरंपरेतील दांडगट बाहुला पडद्याआडच्या लोर्काच्या आवाजात मुलांशी बोलू लागला आणि मुलेही त्याला उत्तरे देऊ लागली. माद्रिदमध्ये प्रेक्षक कवितेवर उलटला होता. येथे तो तिच्या रचनेतच सामील झाला. लोर्काला हवी असलेली रंगभूमी कोणती, याचे उत्तर त्याला या प्रतिसादातून मिळाले असावे, असे म्हणण्यास पुढील घटनांचा आधार आहे.

फायाचा, ‘दोन किहोते’तील बाहुल्यांच्या प्रसंगावर बेतलेला संगीतनाट्यप्रयोग त्याच वर्षी २३ मार्चला सेव्हिल येथे मैफलीच्या रूपात आणि जूनमध्ये पॅरिस येथे रंगमंचावर सादर झाला, तेथेही लान्सने कोरलेली मस्तके होती. लोर्काने १९३२ पासून ‘ला बार्राका’ या विद्यार्थी नाट्यपथकासह गावोगावच्या चौकांत अभिजात नाटके नेली. आणि क्रिस्तोबाल त्याच्याकडे परत आला तो १९३४ मध्ये ब्वेनोस आइरेस येथे प्रयोग झालेल्या छोट्या बाहुलीनाट्यात. त्याच्या आरंभी कवी आणि दिग्दर्शक ही दोन पात्रे आपसांत वाद घालतात. दिग्दर्शक कवीला गप्प बसवतो आणि खेळ सुरू होतो.