पाणी ओसरल्यानंतरचे काम, पाणी चढण्याआधी

लेखमाला : संस्था आणि संकट
लेखांक चौथा

आपल्या संस्थेवर कोणकोणती संकटे येऊ शकतात याची यादी कशी करायची, ते मागच्या लेखांकात पाहिले. चंद्रपूर-गडचिरोलीत ही यादी करायला फार विचार करावा लागत नाही. उन्हाळ्यात वणवा आणि वादळ, पावसाळ्यात पूर, आणि बारा महिने जाणारी वीज. आज त्यापुढचा टप्पा पाहू. संकट येऊन गेल्यावर शाळा, दवाखाना, पतसंस्था, ग्रामपंचायत किंवा ग्रामसभा पुन्हा कामाला कशी लागते? अनेक संस्थांकडे बचावाची योजना असते, सावरण्याची नसते. माणसे सुखरूप बाहेर काढली की काम संपले असे आपण धरून चालतो. खरे तर संस्थेची दुसरी परीक्षा तिथूनच सुरू होते.

हे समजायला भामरागडपेक्षा चांगले उदाहरण नाही. इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या तीन नद्यांच्या संगमाजवळ हे तालुक्याचे गाव वसले आहे. इंद्रावती फुगली की पर्लकोटेच्या पाण्याला पुढे जायला वाट राहत नाही आणि ते मागे तुंबते. गेली कित्येक वर्षे पर्लकोटेच्या जुन्या, बुटक्या पुलावरून पाणी वाहू लागले की आलापल्लीकडचा रस्ता बंद व्हायचा. पाठोपाठ वीज जायची आणि मोबाईलची रेंजही. २०१९च्या पावसाळ्यात तर पाणी एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा बाजारपेठेत शिरले. पुढे आतल्या गावांची गोष्ट आणखी अवघड. तिथे नदी कशाला, एखादा नाला भरून वाहिला आणि रपटा बुडाला तरी गाव तुटते.

अशा मुलखात दोन गोष्टी फार शहाणपणाने बसवलेल्या आहेत. पहिली धान्याची. पावसाळ्यात संपर्क तुटणाऱ्या गावांसाठी नवसंजीवनी योजनेखाली जून ते सप्टेंबर या चार महिन्यांचे रेशन पाऊस लागण्याआधीच पोहोचवले जाते. दुसरी बाळंतपणाची. दुर्गम गावातल्या गरोदर बाईला दिवस भरत आले की आधीच प्राथमिक आरोग्य केंद्राजवळच्या माहेरघरात आणून ठेवले जाते. सोबत तिच्या घरचे माणूस असते, राहण्या-जेवणाची सोय असते. कळा सुरू झाल्यावर नाल्याच्या काठावर खाट घेऊन उभे राहण्याची वेळ येऊ नये, यासाठी ही व्यवस्था.

या दोन्हींमागे विचार एकच आहे. रस्ता बंद होणार हे गृहीत धरले आहे. त्या काळात कोणती गोष्ट एक दिवसही थांबता कामा नये हे ठरवले आहे, आणि तिची सोय कोरड्या दिवसांत केली आहे. चांगल्या आराखड्यात याहून वेगळे काही नसते. माझे सांगणे एवढेच आहे, की धान्य आणि बाळंतपण यांच्याबाबत या जिल्ह्यांनी जी दूरदृष्टी दाखवली, ती प्रत्येक संस्थेने आपल्या नोंदी, यंत्रे, पैसे आणि माणसे यांच्याबाबत दाखवावी.

कायदाही हेच सांगतो. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ मध्ये पुनर्वसन आणि पुनर्बांधणी हा आपत्ती व्यवस्थापनाचाच भाग मानला आहे. जिल्हाधिकारी अध्यक्ष असलेले जिल्हा प्राधिकरण संपूर्ण जिल्ह्याची योजना करते. शिवाय जिल्हा पातळीवरील शासकीय कार्यालये आणि स्थानिक प्राधिकरणे यांनी आपापली वेगळी योजना करावी, असे कलम ३२ सांगते. जिल्ह्याच्या योजनेत तुमच्या कार्यालयाच्या कपाटाची चावी कोणाकडे असेल हे लिहिलेले नसते. ते तुम्हालाच लिहावे लागते.

आता आराखडा करायला बसू. चार प्रश्नांची उत्तरे लिहायची आहेत.

१. आधी काय सुरू करायचे?

संस्थेची सगळी कामे एका कागदावर लिहा आणि त्यांना क्रम लावा. निवासी आश्रमशाळेचे उदाहरण घेऊ. पूर ओसरल्यावर पहिले काम मुलांची मोजदाद. दुसरे पिण्याचे पाणी : विहिरीत टीसीएल पावडर टाकणे, हातपंप भरपूर उपसून मगच वापरणे. तिसरे स्वयंपाकघर. चौथे आजारी मुले आणि औषधे. पालकांना निरोप पाचवा. वर्ग भरवणे त्यानंतर, आणि कार्यालयीन पत्रव्यवहार सर्वांत शेवटी. कागदावर हा क्रम साधा वाटतो, पण तो लिहिलेला नसेल तर वरून अहवाल मागणारा पहिला फोन येताच सगळी माणसे अहवालाला लागतात आणि विहीर तशीच राहते.

२. किती वेळ थांबता येईल?

प्रत्येक कामापुढे मुदत लिहा. हे काम किती तास किंवा किती दिवस बंद राहिले तर चालेल? आरोग्य केंद्रातल्या लसी २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानातच टिकतात. वीज गेल्यावर लसींचा फ्रीज उघडला नाही तर काही तास गारवा धरून ठेवतो, पण कायम नाही. म्हणून इथली मुदत तासांत लिहायची. मुदत संपण्याआधी लसी शीतपेटीत कोण हलवणार, बर्फाचे पॅक कुठून येणार, जनरेटरला डिझेल किती शिल्लक हवे, हे त्याच ओळीत लिहायचे. सर्पदंशावरच्या लसीची मुदत तर शून्य. पाणी चढले की साप घराच्या आणि गोठ्याच्या आश्रयाला येतात, नेमक्या त्याच दिवसांत ती हाताशी हवी. उलट वाचनालयाची देवघेव पंधरा दिवस बंद राहिली तर कोणाचा जीव जात नाही. मुदती लिहिल्या की पैसा आणि माणसे कुठे लावायची ते आपोआप स्पष्ट होते.

३. किती नोंदी गमावणे परवडेल?

ही दुसरी मुदत फार संस्था लिहीत नाहीत. पतसंस्थेचा हिशेब दर शनिवारी दुसरीकडे उतरवला जात असेल, तर शुक्रवारी पाणी शिरल्यावर जवळजवळ आठवड्याचे व्यवहार जातात. रोज संध्याकाळी उतरवला तर जास्तीत जास्त एक दिवसाचे. कोणत्या नोंदीसाठी किती नुकसान सोसता येईल, हे आधी ठरवायचे.

तेंदूपत्त्याचा हंगाम पाहा. वळवाच्या पावसाच्या आणि वणव्याच्या दिवसांतच तो येतो. ७० पानांचा एक पुडा, आणि कोणत्या घराने आज किती पुडे दिले याची नोंद संकलन केंद्रावर रोज होते. त्या नोंदीवर त्या घराची मजुरी ठरते. वही भिजली किंवा जळली तर एका आठवड्याची नोंद म्हणजे एका घराच्या आठवडाभराच्या घामाचा पुरावा जातो. इथे मुदत एका दिवसापेक्षा जास्त असूच शकत नाही. म्हणून वहीतली नोंद त्याच वेळी कुटुंबाच्या हातातल्या कार्डावरही चढवायची आणि रात्री वहीच्या पानाचा मोबाईलवर फोटो काढून दुसऱ्या गावी पाठवायचा. याला पैसा लागत नाही, फक्त शिस्त लागते.

प्रती किती ठेवायच्या? जगभर मानला जाणारा नियम असा : तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या गावी. आपल्या भागासाठी मी त्यात एक भर घालीन. ते दुसरे गाव त्याच नदीच्या काठी नसावे. ऑगस्ट २०२०च्या अखेरीस वैनगंगेला महापूर आला. मध्य प्रदेशातल्या संजय सरोवराचे पाणी आणि वरच्या खोऱ्यातला पाऊस एकत्र आला, गोसीखुर्दचे सर्व ३३ दरवाजे उघडावे लागले, आणि ब्रह्मपुरी तालुक्यातली नदीकाठची गावे पाण्यात गेली. त्याच पुराची झळ पलीकडच्या तीरावर देसाईगंज, आरमोरी, गडचिरोली या तालुक्यांना बसली. तेव्हा देसाईगंजच्या संस्थेने दुसरी प्रत ब्रह्मपुरीला ठेवण्यात अर्थ नाही. अहेरीही त्याच पाण्याच्या वाटेवर आहे, कारण वर्धा आणि वैनगंगा मिळून जी प्राणहिता होते ती अहेरीवरून सिरोंचाकडे जाऊन गोदावरीला मिळते. चंद्रपूर शहरातही वर्धेला पूर असला की इरई तुंबते आणि सखल वस्त्यांत पाणी शिरते. तिथल्या संस्थेने दुसरी प्रत नागपूरला ठेवावी.

एकाच कपाटातल्या कागदांचे काय होते ते राज्याने २१ जून २०१२ रोजी पाहिले. मुंबईत मंत्रालयाच्या चौथ्या मजल्यावर लागलेली आग वर पसरली, माणसे दगावली आणि असंख्य फायली खाक झाल्या. ज्या कागदांच्या प्रती इतर कार्यालयांत होत्या ते पुन्हा जुळवणे शक्य होते. ज्यांची प्रतच नव्हती त्यांचे काय करणार?

४. कोण करणार?

आराखड्यात हुद्दे लिहू नका, नावे लिहा. प्रत्येक कामाला दोन माणसे हवीत, एक करणारा आणि दुसरा त्याच्या जागी उभा राहणारा. आपल्या भागात यातही एक काळजी घ्यायची. ही दोन माणसे नाल्याच्या एकाच बाजूला राहणारी नसावीत. मुख्याध्यापक सुट्टीला आलापल्लीला गेले, पूल बुडाला, आणि धान्याच्या कोठीची चावी त्यांच्याच खिशात, असे होता कामा नये. धनादेशावर ज्या दोघांच्या सह्या लागतात त्यांचाही असाच विचार करा. दोघेही पाण्यापलीकडे अडकले तर खात्यात पैसे असून तांदूळ घेता येणार नाही. मग तिसऱ्या सहीचा ठराव आजच करून ठेवायला हवा.

फोन नंबरांची यादी छापील हवी आणि ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून भिंतीवर लावलेली हवी. मोबाईल बंद पडल्यावर त्याच मोबाईलमधली यादी काय कामाची? तहसील कार्यालय, पोलीस ठाणे, आरोग्य केंद्र, वीज कार्यालय, पोलीस पाटील, कोतवाल, आणि गावात डोंगा कोणाकडे आहे, हे त्यात असावे. सूचना फलक माडिया-गोंडी बोलणाऱ्या माणसालाही समजेल असा करा. वाचता न येणाऱ्यांना तो कोण समजावून सांगेल, तेही लिहा.

पाणी ओसरलेल्या दिवशी

आता प्रत्यक्ष कृतीकडे येऊ. इमारतीत शिरल्याशिरल्या झाडू हातात घेऊ नका. आधी मेन स्विच बंद असल्याची खात्री करा. मग प्रत्येक खोलीचे आणि भिंतीवरच्या पाण्याच्या खुणेचे फोटो काढा. पंचनामा आणि विमा या दोन्हींसाठी तोच पुरावा. साफसफाई त्यानंतर.

भिजलेले रजिस्टर कसे वाचवायचे हे प्रत्येक लिपिकाला माहीत असले पाहिजे. बुरशी साधारण ४८ तासांत धरू लागते, म्हणून पहिले दोन दिवस मोलाचे. ओले रजिस्टर उघडायचा प्रयत्न करू नका, पाने फाटतात. चिखल असेल तर वही मिटलेलीच ठेवून स्वच्छ पाण्यात हलकेच धुवा. मग ती उभी करून पाणी निथळू द्या. पाने सुटी होऊ लागली की थोड्या थोड्या पानांनंतर कोरा, शोषणारा कागद घाला आणि तो ओला झाला की बदला. पंखा लावा, पण कडक उन्हात ठेवू नका, पाने आकसून वेडीवाकडी होतात. बॉलपेनची शाई बहुधा टिकते. जेलपेनची आणि दौतीची शाई पसरते, म्हणून हजेरी आणि हिशेबाची रजिस्टरे बॉलपेननेच लिहायचा नियम करा. ढीग मोठा असेल तर सर्वांत मोलाची रजिस्टरे आधी घ्या आणि उरलेली पिशव्यांत घालून एखाद्या डीप फ्रीजरमध्ये ठेवा. गोठलेल्या कागदावर बुरशी वाढत नाही. चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात २००५ आणि २०२१ अशा दोन महापुरांचे पाणी शिरले. दीडशेहून अधिक वर्षांच्या ग्रंथालयावर वेळ येते, तशी तुमच्या कपाटावरही येईल.

भिजलेला संगणक ‘चालतो का ते बघू’ म्हणून सुरू करू नका. बहुतेक वेळा पाण्यापेक्षा त्या एका बटणाने जास्त नुकसान होते. हार्ड डिस्क उन्हात वाळवू नका, ओलसरच पिशवीत बंद करून जाणकाराकडे पाठवा. दुसरी प्रत हाताशी असेल, तर हा प्रश्नच येत नाही.

रंगीत तालीम

आराखडा लिहून फायलीत लावला की काम झाले असे समजू नका. मे महिन्यात मान्सूनपूर्व आढावा बैठका होतात, त्याच आठवड्यात तुमच्या संस्थेची रंगीत तालीम घ्या. एक दिवस वीज बंद ठेवा, मोबाईल बाजूला ठेवा, प्रमुखांनी ‘मी पलीकडच्या तीरावर आहे’ असे समजून गप्प बसावे, आणि बाकीच्यांनी काम चालवून दाखवावे. पेनड्राइव्हवरची प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा. ती उघडली नाही, तर ती प्रत नव्हतीच. सापडलेल्या त्रुटी त्याच संध्याकाळी आराखड्यात दुरुस्त करा. बदली झालेल्यांची नावे काढा, नव्यांची घाला. वनविभाग वणव्याचे दिवस लागण्याआधी, फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत जाळरेषा काढून मोकळा होतो, तसे आपले काम जूनआधी व्हायला हवे.

पुढचा लेखांक येईपर्यंत तीन कामे करा. कामांचा क्रम आणि मुदती एका पानावर लिहा. प्रत्येक कामापुढे दोन नावे लिहा आणि ती दोघे कोणत्या काठावर राहतात तेही लिहा. आणि सर्वांत मोलाच्या रजिस्टराची एक प्रत या आठवड्यातच दुसऱ्या नदीकाठच्या गावी पोहोचती करा. एवढे झाले तरी तुमची संस्था पुराच्या दुसऱ्या दिवशी काय करायचे ते शोधत बसणार नाही. पुढच्या वेळी रंगीत तालमीचे टप्पे एकेक करून पाहू.