पोरं दोन, पेन्शन हजार

मुलं म्हणजे म्हातारपणाची काठी, म्हणून गरीब माणूस जास्त मुलं होऊ देतो, हा विचार विकासाच्या अभ्यासात पन्नास वर्षं मुरला आहे. त्यावरचा उपायही ठरलेला: आधी पेन्शन द्या, कुटुंबं आपोआप लहान होतील. ब्राझीलमध्ये १९९१ नंतर ग्रामीण कष्टकऱ्यांची पेन्शन वाढली आणि त्याने जन्म घटल्याचं अभ्यासकांना आढळलं. म्हणजे विचार पोकळ नाही. आपल्याकडे मात्र क्रम उलटा लागला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात बाईमागे सरासरी मुलं १९९२-९३ मध्ये २.९ होती, २०१९-२१ मध्ये १.७. घर लहान झालं, पेन्शन मागेच राहिली.

सोलापूरच्या विडी कामगार बायकांचंच बघा. विडी उद्योगाला भविष्य निर्वाह निधीचा कायदा १९७७ पासून लागू आहे. त्यातल्या पेन्शनचं सूत्र साधं: मासिक वेतन गुणिले नोकरीची वर्षं, भागिले ७०. मजुरी ४,००० आणि नोंद १५ वर्षांची धरली, तर ८५७ रुपये येतात. २०१४ पासून किमान हजाराची हमी आहे, म्हणून हजार. नोंद १० वर्षांपेक्षा कमी भरली तर तेही नाहीत. गॅसची टाकी भरल्यावर हजारातून उरतं काय?

यावर कुणी म्हणेल, पेन्शनशिवाय जन्मदर घटला, म्हणजे म्हातारपणाची भीती हे कारण नव्हतंच. यात तथ्य आहे. बालमृत्यू कमी झाले, मुली शिकल्या, नसबंदीची शस्त्रक्रिया सोपी झाली. सातारा जिल्ह्यातल्या गोवे गावात अभ्यासक व्लासॉफ दांपत्याने केलेल्या, १९८० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही म्हातारपणाच्या आधाराचा हिशेब फारसा ठळक दिसला नव्हता. पण भीती संपली असं यातून निघत नाही. मला वाटतं, ती मुलांच्या संख्येवरून मुलग्यावर सरकली. राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे मुली २००१ मध्ये ९१३ होत्या, २०११ मध्ये ८९४. हुंडा, वंशाचा दिवा ही कारणं आहेतच. पण दोनच मुलं हवीत आणि आधार मुलाचाच धरायचा, तर मुलीची जागा जाते.

पेन्शन दिली की पोरं जबाबदारी झटकतील, हा दुसरा आक्षेप. सरकारचा तर पोरांवरच भरवसा दिसतो; राज्याच्या वृद्धांसाठीच्या पेन्शन योजनेला नावही श्रावणबाळाचंच. तिची उत्पन्नमर्यादा बरीच वर्षं कुटुंबाला वर्षाकाठी २१,००० रुपये राहिली. घरातला मुलगा कमावता झाला की आईचा अर्ज अडतो. तो तिच्या हातावर किती ठेवतो, हे उत्पन्नाच्या दाखल्यात येत नाही. म्हणून पेन्शन कुटुंबाकडे न बघता वय बघून, प्रत्येकीच्या स्वतःच्या नावावर मिळायला हवी. सध्या साठ ते एकोणऐंशी वयाच्या दारिद्र्यरेषेखालच्या वृद्धासाठी केंद्राचा वाटा आहे महिना २०० रुपये.