पंप नवा; पण त्याला फिरवतो कोण?

आमच्या अँबॅसडरचे इंजिन नुकतेच उघडून बांधले होते. नव्या रिंगा, नवी बेअरिंगे आणि, गॅरेजवाल्याने दोनदा बजावून सांगितले त्याप्रमाणे, तेलाचा पंपसुद्धा नवा कोरा! बिल पाहून हिने जो सुस्कारा सोडला तो अजून कानात आहे. १९९१ च्या भाऊबिजेला त्याच गाडीतून आम्ही पुण्याहून साताऱ्याला बहिणीकडे निघालो. खंबाटकीच्या चढावर आधी बारीक टकटक ऐकू आली, मग घणाचे ठोके, आणि मग गाडी जी थांबली ती थांबलीच. तेलाची काठी ओढून पाहिली. तेल खुणेला टेकलेले! भाऊबीज त्या वर्षी घाटातच साजरी झाली. फराळाचा डबा आम्ही आणि गाडी ओढून नेणाऱ्या ट्रकच्या ड्रायव्हरने मिळून संपवला.

त्या गॅरेजात पुन्हा जायची माझी छाती झाली नाही. आमच्या आळीत एस.टी.च्या दापोडीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक फिटर राहत. सारी आळी त्यांना अण्णा म्हणे. त्यांनी चेंबर खोलले, बेअरिंगांचा झालेला चुरा बोटावर घेतला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "पंप नवा ना? मग त्याला फिरवणारी दांडी कुठली घातली?"

याचे उत्तर माझ्याकडे कुठले असायला? दांडी असते हेच मला ठाऊक नव्हते.

वाचकहो, तुम्हांलाही नसेल तर हा प्रवास एकदा समजून घ्या. क्रँकशाफ्ट साखळीने कॅमशाफ्टला फिरवतो. कॅमशाफ्टच्या अंगावरच तिरपे दाते कापलेले असतात. त्या दात्यांत एका उभ्या दांडीचे दाते अडकतात आणि ही दांडी खाली चेंबरमधल्या पंपाला फिरवते. अण्णांनी ती बाहेर काढून माझ्या तळहातावर ठेवली. दाते झिजून सुरीच्या पात्यासारखे झालेले, आणि तीन तर चक्क तुटलेले!

"पण अण्णा, एवढी झीज झाली तर आधी काही कळायला नको का?" मी विचारले.

"इथेच तर फसगत आहे," ते म्हणाले. "पंप झिजला की तेलाचा दाब हळूहळू उतरतो, तो बोंब मारतो. दात्यांचे तसे नाही. एक कणभर दाता दुसऱ्यात अडकतो आहे तोवर पंप पुरत्या वेगाने फिरतो, दाब अगदी ठणठणीत. आणि दाता सुटला की त्याच क्षणी सगळे कोरडे. हे काट्यावर दिसत नाही बाबा, डोळ्यांनीच पाहावे लागते."

अर्धे इंजिन उघडलेले असताना हे पाहायला पाच मिनिटेसुद्धा लागली नसती, याचा मला आजही संताप येतो. दांडी स्वच्छ पुसायची, एकेक दाता उजेडात फिरवून बघायचा, दांडी पंपाला जोडली जाते तिथे ढिलाई आहे का ते हाताने चाचपायचे, एवढेच. खर्चाची बाब मात्र निराळी. कॅमशाफ्टवरचे दातेही खाल्लेले निघाले, आणि ते कॅमशाफ्टचेच अंग असल्याने आख्खा कॅमशाफ्ट बदलणे आले. जुन्या दात्यांवर नवी दांडी चढवली तर तीही लवकरच त्याच वाटेने जाते.

नवा पंपही अण्णांनी विश्वासाने घेतला नाही. आतल्या व बाहेरच्या रोटरच्या उंचवट्यांमध्ये पातळ पट्टी सरकवून पाहिली. इंचाच्या हजार भागांतले सहा, यापेक्षा जास्त फट चालत नाही. बाहेरच्या रोटरची एक कड तासलेली असते, ती दांडीच्या बाजूलाच बसली पाहिजे. मग तेलाचे चार थेंब टाकून पंप हाताने फिरवला. कुठे अडकला तर तो सारा भार दात्यांवरच पडणार.

सीलची गोष्टही अशीच उपेक्षेची. पुढच्या झाकणातले सील गॅरेजवाल्याने नवे घातले होते, पण झाकण वाकडे आवळल्याने त्याची एक कड कापली गेली होती. अण्णांनी पुलीला तेल लावून ती आधी सीलमध्ये हळूच फिरवत घातली, झाकण आपोआप मधोमध आले, आणि मगच बोल्ट आवळले. मागच्या बाजूला या इंजिनात रबरी सीलच नाही, शाफ्टवर कोरलेली आट्यांची खाच तेल मागे लोटते. तिथून तेल झिरपत असेल तर दोष बहुधा झिजलेल्या बेअरिंगचा किंवा इंजिनात कोंडणाऱ्या वाफेचा.

इंजिन सुरू करण्यापूर्वी त्यांनी प्लग काढून ते नुसतेच फिरवले. मी बसवून घेतलेल्या दाबाच्या काट्यावर आम्ही दोघे डोळे लावून बसलो. काटा थरथरला, वर चढला, तेव्हाच अण्णांनी विडी पेटवली.

१९९२ ची भाऊबीज साताऱ्यात झाली. दारात गाडी थांबताच बहीण ताट घेऊन बाहेर आली. तिने आधी बॉनेटला कुंकू लावले, मग मला.