मानूका : माशीचा मध, झाडाचा गुण

न्यूझीलंडचे मूळ रहिवासी माओरी मानूकाचा मध शतकानुशतके औषध म्हणून वापरत आले, अशी कथा या महागड्या मधाच्या विक्रीत वारंवार ऐकू येते. माओरींनी पिढ्यान् पिढ्या वापरले ते मानूकाचे झाड. मध त्यांच्याकडे नव्हताच. त्या बेटांवरच्या मूळच्या माश्या एकेकट्या राहणाऱ्या, बहुतेक जमिनीत बिळे करणाऱ्या. मध साठवणारी एकही नाही. मेरी बंबी ही एका मेथडिस्ट मिशनऱ्याची बहीण मार्च 1839 मध्ये होकियांगाच्या खाडीत उतरली, तेव्हा तिच्यासोबत युरोपीय मधमाश्या पहिल्यांदा त्या भूमीवर आल्या. तरीही या मधावर माओरींचा नैतिक हक्क आहे, असे माझे म्हणणे आहे, आणि त्याला भावनेपेक्षा रसायनशास्त्राचा आधार अधिक आहे.

मानूका आपल्या जांभळाच्या आणि निलगिरीच्या कुळातली. बारीक टोकदार पानांचे, पांढऱ्या-गुलाबी फुलांचे हे चिवट झुडूप. तापावर आणि पोटाच्या तक्रारींवर सालीचा काढा, सर्दीला पानांची वाफ, हगवणीवर कोवळे कोंब, खोकल्यावर फांद्यांतून पाझरणारा गोडसर डिंक, असे त्याचे उपयोग माओरी वैद्यकात नोंदलेले आहेत. कॅप्टन कुकच्या खलाशांनी त्याच्या पानांचा चहा केला. 1773 मध्ये डस्की साउंडला स्कर्व्हीवर उपाय म्हणून जी बिअर गाळली, तिच्यात रिमू वृक्षाच्या डहाळ्यांबरोबर मानूकाची पानेही होती. पण कुरणे हवी असलेल्या गोऱ्या शेतकऱ्यांना हीच झाडी नकोशी झाली. त्यांनी ती तोडली, जाळली. विसाव्या शतकाच्या मध्याला तर ऑस्ट्रेलियातून आलेली एक खवले कीड मानूका मारते हे दिसल्यावर किडलेल्या फांद्या नेऊन रानोरान पसरवल्या. मधाची गतही वेगळी नव्हती. तो जेलीसारखा घट्ट. मधयंत्रात फिरवला तरी पोळ्यातून सुटत नाही. शिवाय रंगाने गडद, चवीला उग्र. त्याला भाव कोण देणार?

तो भाव प्रयोगशाळेने मिळवून दिला. साध्या मधाची जंतुनाशक शक्ती मुख्यतः हायड्रोजन पेरॉक्साइडची, आणि ते तयार करणारे विकर माशीच्या ग्रंथींतून येते. वायकाटो विद्यापीठातील पीटर मोलन यांना 1980च्या दशकात आढळले, की पेरॉक्साइड नष्ट केले तरी मानूका मध जंतूंना रोखतो. कारण सापडायला 2008 साल उजाडले. जर्मनीत ड्रेस्डेनच्या थॉमस हेन्ले यांच्या गटाने त्या मधात किलोमागे 38 ते 761 मिलिग्रॅम मिथाइलग्लायॉक्सल मोजले. साध्या मधात ते नगण्य असते. पुढच्याच वर्षी वायकाटोच्या संशोधकांनी त्याचा उगम दाखवला : मानूकाच्या मकरंदातच डायहायड्रॉक्सिअॅसिटोन असते आणि मध मुरत जातो तसतसे त्याचे मिथाइलग्लायॉक्सलमध्ये रूपांतर होते. सुश्रुताने मधाचे आठ प्रकार सांगितले. त्यांतली माक्षिक, भ्रामर, क्षौद्र ही नावे माशीवरून पडली आहेत. ती विभागणी विचारपूर्वकच केलेली आहे. मानूकापुरता मात्र गुणाचा धनी बदलतो. माशी मकरंद आटवते, जपते. पण ज्याला जग किंमत मोजते ते द्रव्य झाडाचे आहे.

यावर पहिला आक्षेप असा, की माओरी काढा पीत होते आणि मिथाइलग्लायॉक्सल मधात आहे. मग संबंध काय? पानाच्या गुणावरून मधाचा गुण सिद्ध होत नाही, हे मान्य. परंतु हक्क शोधाचा सांगितलेला नाही, राखणीचा सांगितलेला आहे. बाकीच्यांनी तण ठरवून जाळलेले झाड ज्या समाजाने औषध म्हणून ओळखले, त्याला त्या झाडाच्या उत्पन्नात वाटा आणि निर्णयात आवाज असावा, एवढीच ही मागणी आहे. दुसरा आक्षेप ऑस्ट्रेलियाचा : हीच जात टास्मानियातही उगवते आणि मधमाश्या तिथे 1831 मध्येच आल्या. हे खरे आहे, म्हणून इतरांनी हा मध काढूच नये असे म्हणता येणार नाही. माओरींच्या नावावर तो विकायचा आणि माओरींना बाहेर ठेवायचे, हे मात्र गैर. कायद्याकडूनही या नावाला संरक्षण मिळाले नाही : 2023 मध्ये न्यूझीलंडच्याच बौद्धिक संपदा कार्यालयाने ‘मानूका हनी’ हे प्रमाणन चिन्ह नाकारले. आपला हळदीचा अनुभव इथे आठवतो. जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे अमेरिकी पेटंट 1997 मध्ये रद्द झाले, ते डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखालील सीएसआयआरने जुने ग्रंथ आणि छापील निबंध पुढे ठेवले म्हणून. मौखिक परंपरेकडे असा कागद नसतो.

तिसरा आक्षेप वैद्यकाचा, आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. न्यूझीलंडमध्येच पायावरच्या शिरांच्या व्रणांच्या 368 रुग्णांवर झालेल्या, 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मानूका मधाच्या पट्ट्यांनी व्रण लक्षणीयरीत्या अधिक भरले नाहीत. 2015च्या कॉक्रेन आढाव्यात मधाच्या बाजूने ठोस पुरावा निघाला तो मर्यादित खोलीच्या भाजण्यांसाठी आणि शस्त्रक्रियेनंतर चिघळलेल्या जखमांसाठी. हा मध चमचाभर खाल्ल्याने आजार पळतो, या दाव्याला त्यातून काहीही बळ मिळत नाही. म्हणूनच माओरींचा हक्क मधाच्या चमत्कारावर टांगून ठेवू नये. वनस्पती आणि पारंपरिक ज्ञान यांविषयीचा ‘वाय 262’ हा दावा त्यांनी 1991 मध्ये वैतांगी न्यायाधिकरणापुढे नेला, तेव्हा या मधातल्या मिथाइलग्लायॉक्सलचा पत्ताही लागला नव्हता. उद्या मधाचा भाव कोसळला तरी त्या दाव्यातला एक शब्दही मागे घ्यावा लागणार नाही.