रस्त्याचे पाप हाकणाऱ्याच्या माथी

मोटार उलटली, की पंचनाम्यात 'चालकाचा ताबा सुटला' हे तीन शब्द लिहून मोकळे होण्याची आमच्याकडे वहिवाट पडली आहे. ताबा कशाने सुटला, हे मात्र कोणी विचारीत नाही. वस्तुतः गाडीचा ताबा चालकाच्या हातातील चक्रापेक्षा, टायर जेथे भूमीस टेकते त्या तळहाताएवढ्या जागेवर अधिक अवलंबून असतो. ती भूमीच दगा देऊ लागली तर चालकाने करावे काय?

बीड जिल्ह्यातील काळी माती कापसास जितकी उपकारक, तितकीच सडकेस वैरी आहे. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते; वरचे डांबर खचते, काठ तुटतो आणि साइडपट्टी वीतभर खाली जाते. समोरच्या गाडीस वाट देताना डावे चाक तेथे उतरले, की घाबरलेला चालक चक्र जोराने उजवीकडे फिरवितो. चाक काही काळ काठास घासत राहते आणि मग एकाएकी वर चढून, वळलेल्या स्थितीतच गाडीस समोरच्या वाहनावर नेऊन आदळते. अशा वेळी चक्र सरळ धरावे, वेग हळूहळू उतरू द्यावा व काठ जेथे बुटका असेल तेथूनच वर यावे. जोराचा ब्रेक तर लावूच नये.

चिखलाचेही तेच. ताशी 60 किलोमीटर वेगाची मोटार कोरड्या, चांगल्या डांबरावर ब्रेक लागल्यापासून सुमारे 20 मीटरांत थांबते. शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरांनी सांडलेल्या ओल्या मातीने पकड निम्मी झाली, की तिलाच 40 मीटर लागतात. वेग दुप्पट केला तर हे अंतर चौपट होते, हे घाई करणाऱ्यांनी ध्यानी घ्यावे.

दसरा उलटला, की पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी या भागांतील ऊसतोडीची बिऱ्हाडे बायकामुलांसह ट्रॉल्यांत बसून कारखान्यांकडे निघतात. ट्रॉलीत माणसे बसविणे कायद्यास मान्य नाही, हे मुकादमास ठाऊक नसते असे नव्हे! ट्रॉलीस बहुधा स्वतःचे ब्रेक नसतात. त्यामुळे घाटाच्या उतारावर मागील भार ट्रॅक्टरास पुढे रेटतो. शेतात वळण्याच्या सोयीसाठी ट्रॅक्टरास डावा व उजवा असे दोन ब्रेक असतात. सडकेवर ते कडीने जोडले नाहीत, तर एकच चाक अडते आणि ट्रॅक्टर आडवा होतो. ही कडी लावण्यास पैसाही लागत नाही.

आता कायद्याकडे वळू. 1988 च्या मोटार वाहन कायद्यात 2019 साली 198-अ हे कलम घालण्यात आले. सडकेच्या रचनेत वा देखभालीत विहित मानके न पाळल्याने मृत्यू अथवा अपंगत्व आले, तर जबाबदार अधिकारी किंवा ठेकेदार यांस एक लक्ष रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हा दंड निधीत जमा होतो; मृताच्या विधवेस भरपाईसाठी न्यायाधिकरणाकडे निराळाच दावा लावावा लागतो. एका जिवामागे एक लक्ष हा दंड आम्हांस थट्टेसारखा वाटतो. पण ज्या पंचनाम्यात सडकेचे नावच नाही, त्याच्या आधारे तेवढाही कोण वसूल करणार?

म्हणून आमची मागणी अशी की, प्रत्येक अपघाताच्या पंचनाम्यात साइडपट्टीची खोली मोजून लिहावी, चिखल व खड्डे नोंदवावेत आणि छायाचित्रे जोडावीत. मोंढ्यातील ज्या व्यापाऱ्यांचा कापूस याच सडकांनी जातो, त्यांनी ऊसतोडीचा हंगाम सुरू होण्यापूर्वीच ही मागणी जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी नेऊन तिची पोच घ्यावी.